बिडु

उद्यमबागेत आमच्या फौंड्रीच्या मागं,
पिग आयर्नच्या लाद्या आणि फुटके साचे पडतात त्या पट्टीत
करिया असतो.
लोकापूरकडच्या एका शेतकऱ्यानं दिला तेव्हा चार महिन्यांचा,
कान चपातीसारखे मऊ, पंजे मात्र आधीच कुणा मोठ्याचे.
बरोबर एक साखळी दिली, आणि चार शब्द:
बा. कूड. निल्लु. बिडु.
ये, बस, थांब, सोड.
“एवढ्यावर भागतंय,” म्हणाला,
“जास्ती बोलू नका त्याच्याशी.”

मी ते बिलबुकाच्या मागं लिहून घेतले.
घरात आम्ही मराठी, बँकेत कन्नड,
पुण्याच्या गिऱ्हाइकाशी कशीबशी हिंदी,
आणि रात्री अकरानंतर कुत्र्याशी
ही चार शब्दांची भाषा, जिच्यात
कृपया नाही, बहुतेक नाही, उद्या बघू नाही.

त्या वर्षी भंगाराची चोरी थांबली.
पावशे, बरं केलंसा, म्हणाले शेजारचे शेडवाले.
फाटकाची कडी कशी आहे, हे कुणी विचारलं नाही.
मला ठाऊक होतं.
वर उचलून आत ढकलावी लागायची,
गंजानं अर्ध्यात अडायची,
आणि अर्ध्यात अडलेली कडी
लांबून लागल्यासारखीच दिसते.
वेल्डरला सांगू, सांगू, म्हणत एक उन्हाळा गेला.
शेडमध्ये तीन वेल्डर होते.

रविवार. भट्टी थंड.
आंघोळ घालायला साखळी मीच काढलेली.
कोअर शॉपमधल्या भीमव्वाचा निंगराज
आईचा विसरलेला डबा न्यायला आला,
फाटक त्यानं नुसतं ढकललं.

मी ओरडलो, “सोड! ए, सोड त्याला!”
घाबरलो की माझ्या तोंडून आईचीच भाषा निघते.
करियानं माझ्याकडं पाहिलं,
कुणा तिसऱ्यालाच हाक मारतोय असं,
आणि पोटरी तशीच धरून ठेवली.
“सोड!” पुन्हा. पुन्हा. हातातला मग सांडत होता.

तेव्हा निंगराजनंच, दहा वर्षांच्या पोरानं,
ओठ दाताखाली धरून, हळू, जवळजवळ समजुतीनं म्हटलं,
“बिडु.”

सोडलं.
आणि बसला, न सांगता.

नळाखाली साबण, घड्याळ लावून पंधरा मिनिटं.
सिव्हिलमध्ये पाच तारखा लिहून मिळाल्या,
त्या मी कॅलेंडरवर भट्टीच्या तारखांशेजारी गोल केल्या.
प्रत्येक तारखेला तो माझ्या स्कूटरवर मागं,
शर्ट धरायचा नाही, सीटची कड धरायचा.
तिसऱ्या सुईच्या रांगेत पहिल्यांदा बोलला:
“करियाचं ऊटा आतेन?”
झालं जेवण, म्हटलं. हौदु.
खरं तर तो दोन दिवस शिवला नव्हता ताटलीला,
पण हे सांगायला माझ्याकडं शब्द नव्हते,
म्हणजे मराठीतही नव्हते.

जांबोटीच्या रानात सोडून या, दोघंतिघं म्हणाले.
हल्ली हा शब्द मला फार मोठ्यानं ऐकू येतो.
नाही सोडला.
भिंत दोन विटांनी वर नेली, फाटकाच्या आत दुसरं फाटक,
खांबाला खांब तार ओढून तिच्यावर कडं,
म्हणजे त्याला पळता येईल, रस्ता मात्र गाठता येणार नाही.
पाटीवर दोन्ही लिप्यांत सावध,
आणि खाली माझा नंबर, कारण
सावध राहून झाल्यावर कुणाला तरी फोन करावा लागतो.

भीमव्वा काही बोलली नाही. पैसे घेतले, मोजले नाहीत.
फक्त रोज सकाळी आत येताना
डोक्यावरची वाळूची बुट्टी एका हातानं सावरत
दुसऱ्या हातानं कडीला एक झटका देते,
आणि माझ्याकडं न बघता पुढं जाते.

रात्री मी कडी ओढतो. चौकापर्यंत जातो,
परत येतो. ओढतो.
लागलेली असते.
हात काही तिच्यावरून निघत नाही.
“बिडु,” मी हाताला सांगतो,
आणि आत, अंधारात,
करिया तोंडातलं हाडूक खाली ठेवतो.